कुलपातली बाटली

कुलूप तिसऱ्या झटक्याला तुटलं. दादांनी पेचकसाच्या टोकानेच पत्र्याच्या पेटीचं झाकण वर केलं, आत पाहिलं आणि झाकण पुन्हा सोडून दिलं.

"काय आहे?" मागून सिस्टरने विचारलं.

दादा पेटीपुढून हलले नाहीत. सिस्टर त्यांची पाठची बहीण. छत्तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढल्यामुळे सख्खे भाऊसुद्धा तिला सिस्टरच म्हणत. तिने दादांना कोपराने बाजूला केलं आणि पेटीतून बाटली बाहेर काढली. एक लिटरची बाटली. आत जांभळट पाणी, बाहेर लाल अक्षरांत 'विषारी'. तळाला जेमतेम चार बोटं उरलेली.

"स्पिरिट," ती म्हणाली.

"मला वाचता येतं."

धाकटा जाऊन आज एकोणीस दिवस झाले होते. त्याचं हे दुकान दोन दिवसांत रिकामं करून मालकाला द्यायचं होतं, म्हणून भावंडं सकाळपासून आवराआवर करत होती. धाकटा लाकडी सामानाला पॉलिश करायचा. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये कालवतात, आणि प्यायच्या दिवसांतल्या शेवटच्या वर्षी तो तेही प्यायला होता. तेव्हा सिस्टरच्याच वॉर्डात चार दिवस त्याला समोरचा माणूस दिसत नव्हता. नजर परत आली. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याने दारू सोडली आणि त्याच दिवशी स्पिरिट दुकानाबाहेर काढलं. पुढे फक्त मेण आणि जवसाचं तेल. "चकाकी हवी असेल तर दुसरीकडे जा," असं तो गिऱ्हाइकांना हसून सांगायचा. दारू सोडल्याला आज, याच तारखेला, अकरा वर्षं पूर्ण झाली असती.

आणि आज चार वाजता त्याचा बुधवारचा गट घरी येणार होता. सगळे दारू सोडलेले लोक. अकरा वर्षांचा पितळी बिल्ला ते त्याच्या बायकोच्या हातात देणार होते.

"त्यांना फोन कर," दादा म्हणाले. "येऊ नका म्हणावं."

"कारण काय सांगू?"

"घरात आजारपण आहे म्हण."

"माणूस गेलाय ते त्यांना माहीत आहे. आता आजारी कोणाला पाडू? तुला?"

"थट्टा नकोय, सिस्टर. ही अर्ध्याहून जास्त संपलेली आहे आणि कुलूप लावून लपवलेली आहे. चाळीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. चार बोटं सरकलेल्या दगडाला मी कधी 'असू दे' म्हटलं नाही. खोटा बिल्ला या घरात येणार नाही."

सिस्टरने बूच काढून वास घेतला. तिचा चेहरा पडला, पण त्यात नवल नव्हतं. स्पिरिटला स्पिरिटचाच वास येणार.

"मला वाटतं तुझं बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "पण धाकटीला मी सांगते. तू वर येऊ नकोस. तुझं तोंड बघूनच तिला कळेल."

०

दुकानाच्या बाजूने लोखंडी जिना वर घरात जात होता. सिस्टर तो चढली तेव्हा बाटली तिने कापडी पिशवीत घातली होती, आणि त्या पिशवीची तिला लाज वाटत होती. धाकटा प्यायचा तेव्हा ती त्याच्या अशाच पिशव्या तपासायची. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ती पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी औषध रेघेखाली गेलंय का ते बघायची. धाकट्याला ते ठाऊक होतं. एकदा त्याने स्वतःच आणखी दहा रेघा मारून ठेवल्या होत्या आणि वर लिहिलं होतं, "शोधा."

धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, कप पुसत होती. शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या.

"वन्सं, बसा की. एवढा वेळ खाली काय करताय?"

सिस्टरने पिशवीतून बाटली काढून ओट्यावर ठेवली. धाकटीने हातातला कप पुसून पुरा केला, मगच खाली ठेवला.

"कुठे होती?"

"पेटीत. कुलपात. दादा म्हणतो, लोकांना येऊ नका म्हणून सांगू."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? मी वास घेतला."

"कोणाचा?"

"बाटलीचा. आता दुसऱ्या कोणाचा घेऊ?"

धाकटी हसली, मग तिने पदराने डोळे टिपले. "मी त्यांचा घ्यायचे. पहिली दोन वर्षं. दार उघडलं की आधी माझं नाक पुढे, मग मी. त्यांना कळायचं. डॉक्टरपुढे करतात तसं 'आ' करून उभे राहायचे. तिसऱ्या वर्षी एकदा मी भाजी चिरत होते. ते आले, आणि मी उठलेच नाही. लक्षातच आलं नाही माझ्या. हे आपले दारात 'आ' करून उभे! मी म्हटलं, मिटा तोंड, माशी जाईल."

सिस्टरला हसू आवरेना. हसता हसता ती खुर्चीत बसली.

"त्या दिवसापासून मी वास घेतला नाही," धाकटी म्हणाली. "आता माणूस गेल्यावर परत सुरू करू?"

"पण समज, प्यायला असेल तर?"

धाकटीने बाटली उचलून उजेडात धरली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

"तर शेवटी कधीतरी प्यायले, असं मी म्हणेन. मला वाईट वाटेल. पण वन्सं, रोज सकाळी ते त्या खिडकीत उभे राहायचे आणि मोठ्याने म्हणायचे, 'आजचा दिवस दे. उद्याचं उद्या मागतो.' मी म्हणायचे, आठवड्याचं एकदम मागा ना, रोज कशाला त्याला उठवता? तर म्हणायचे, तेवढं मला पेलत नाही. चार हजारांना एक-दोन कमी, इतक्या सकाळी मी ते ऐकलंय. बाटली सापडली म्हणून त्या सकाळी झाल्याच नाहीत का?"

सिस्टरने आयुष्यात असंख्य पेशंट दारू सोडून घरी जाताना पाहिले होते आणि त्यातले काही परत येतानाही. परत आलेल्यांना वॉर्डात काय ऐकावं लागायचं ते तिला आठवलं. ते तिनेही सुनावलं होतं.

"येऊ देत त्यांना," ती म्हणाली.

"आणि दादा?"

"दादाला मी बघते. तू आधी साखर बघ, वीस माणसं आहेत."

०

खाली दुकानात दादांची मुलगी तुटलेलं कुलूप हातात घेऊन बसली होती. ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि कुठलीही गोष्ट दोनदा बघितल्याशिवाय सोडायची नाही. काकांचा किल्ल्यांचा जुडगा तिच्या मांडीवर होता. चार किल्ल्या. घराची, दुकानाची, कपाटाची, सायकलची. चारही तिने कुलपात घालून पाहिल्या होत्या.

"बाबा, याची किल्ली कुठे आहे?"

"पेचकस होता ना."

"पेचकस आपल्याकडे होता. काकांकडे काय होतं?"

दादा मेणाचे डबे खोक्यात भरत होते. ते थांबले. "हरवली असेल."

"मग त्यांनी बाटली काढली कशी? कुलूप गंजलेलं नाही. भोकात तेल आहे. कोणीतरी हे नेहमी उघडत होतं, आणि किल्ली काकांकडे नव्हती."

"आल्या आमच्या संशोधक. पेटीत आणखी काय आहे तेवढं बघ आणि पेटी रिकामी कर."

पेटीत कागदात गुंडाळलेला चपडा होता. लाखेचे पातळ, तांबूस पापुद्रे. अर्धे संपलेले. शिवाय पॉलिश लावायचे तीन बोळे, कापसावर जुनं मलमल बांधलेले, तपकिरी होऊन कडक झालेले. तिने एक नखाने खरवडून पाहिला.

"बाबा, मेणाच्या कामाला चपडा लागत नाही. काका कशाला तरी लाख लावत होते."

"कशाला? अकरा वर्षांत लावली नाही."

तेच तिला कळत नव्हतं. ती उठली आणि दुकानभर फिरली. दोन खुर्च्या, एक देव्हारा, एक पाळणा, सगळं मेणाचं, मंद. कपाटामागे भिंतीला टेकून काहीतरी मोठं, सपाट उभं होतं, वर जुनी घोंगडी बांधलेली. दारापेक्षा थोडं रुंद. तिने सुतळी सोडली आणि घोंगडी खाली सरकली.

आधी तिला खिडकी दिसली, मग खिडकीपुढे तिचा स्वतःचा चेहरा, आणि मागे हातात डबा धरून उभे असलेले बाबा. लाकूड त्यानंतर दिसलं.

"हे सिस्टरच्या माळ्यावर होतं," दादा म्हणाले.

त्यांच्या आईचं जेवणाचं टेबल. त्याची फळी. बारा वर्षांपूर्वी याच टेबलावर जेवताना धाकट्याचा पेला कलंडला होता. दारू दादांच्या ताटाखाली गेली, आणि ती पुसायच्या आधी भावाभावांत जुंपली. रात्रभर कोणी टेबलाकडे वळलं नाही. सकाळी ताट उचलायला गेले तर ते चिकटलेलं. ओढल्यावर खालची लाख सोलून निघाली आणि ताटाएवढं पांढरं, खवल्यांचं वर्तुळ उरलं. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला फक्त ताट निघतानाचा आवाज आठवत होता. "या टेबलावर मी पुन्हा जेवणार नाही," असं म्हणून दादांनी ते त्याच दिवशी बहिणीकडे पाठवून दिलं होतं.

आता तिथे वर्तुळ नव्हतं. तिने बोट फिरवून पाहिलं. अगदी तिरपं बघितलं तर एका जागी रंग किंचित फिका होता, एवढंच.

"दारूने लाख विरघळते, म्हणून ती तेव्हा गेली," ती म्हणाली. "आणि पुन्हा चढवायची तर स्पिरिटमध्येच विरघळवून चढवावी लागते. मेणाने हे झालं नसतं, बाबा. याला दुसरा मार्गच नव्हता."

ती टेप घेऊन फळी मोजायला लागली. दादा बघत राहिले. टेप धरायची तिची पद्धत त्यांचीच होती.

"लाखेच्या एका हाताला चोवीस ते चाळीस मिली. हात किती दिले, धरू बावीस. म्हणजे..." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "पाचशे ते नऊशेच्या मध्ये कितीही. प्रयोगशाळेत या उत्तरावर कोणी सही करणार नाही."

"म्हणजे तो प्यायला नाही?"

"म्हणजे सगळं स्पिरिट या फळीत गेलेलं असू शकतं. गेलंच, असं मी म्हणू शकत नाही."

दादा पॉलिशच्या बुटक्या स्टुलावर बसले. ते त्यांना इतकं ठेंगणं पडत होतं की गुडघे छातीला लागले.

"मला तो प्यायलेला हवा होता," ते म्हणाले.

मुलीने टेप गुंडाळायची थांबवली.

"जायच्या आधी तीन दिवस. मी पोस्टातून येत होतो. औषधाच्या दुकानाबाहेर तो भिंत धरून उभा होता. वाकलेला. पाय लटपटत होते. मी म्हटलं, झालं, परत लागला. आणि मी रस्ता ओलांडला, पलीकडून गेलो. हाक मारली नाही की काही नाही." त्यांनी डबा उगाच फिरवला. "प्यायलेला असता तर मी नुसता कठोर ठरतो गं. नसता, तर..."

मुलगी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्यांच्या हातातला डबा काढून घेतला.

०

चार वाजायला पाच मिनिटं असताना गट आला. एकोणीस माणसं. ते एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, कामावरून ओळखतात: शिक्षक, दोघी शिंपिणी, दातांचे डॉक्टर, आणि सगळ्यांच्या पुढे एक जाडजूड, निवृत्त बसचालक, ज्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. दुकानाचं दार उघडं दिसलं म्हणून तो वर न जाता आधी तिथे शिरला, आणि त्याच्यामागे बाकीचे. सिस्टर आणि धाकटीही खाली उतरल्या होत्या.

ड्रायव्हरची नजर पेटीवर गेली. "हे कुलूप कोणी तोडलं?"

"मी," दादा उठून उभे राहिले.

"अहो, मी आणली होती की." त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून लाल दोऱ्याला बांधलेली लहानशी किल्ली काढली. "त्या दिवशी स्मशानात कशी देणार, म्हणून ठेवून घेतली होती. आज द्यायचीच होती."

मुलीने विचारलं, "किल्ली तुमच्याकडे असायची?"

"कायम. अटच ती होती. मला म्हणाला, ड्रायव्हर, मला एक काम स्पिरिटशिवाय होत नाही आणि स्पिरिटपाशी मी एकटा राहू शकत नाही. मी साडेपाचला यायचो. पेटी उघडायची, वाटीत लागेल तेवढं ओतायचं, बाटली आत, कुलूप, किल्ली खिशात. तो घासायचा आणि मी इथे बसून शेंगदाणे खायचो. वाटीत उरलेलं मी स्वतः ओतून टाकायचो. बावीस संध्याकाळी."

"बावीस," मुलगी स्वतःशी म्हणाली.

"तेविसाव्या दिवशी वास फार लागला त्याला. बोळा खाली ठेवला आणि म्हणाला, आज नको, चल, फिरून येऊ. गेलो. चार मैल चालवलं मला, माझ्या गुडघ्यांसकट." ड्रायव्हरने धाकटीकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हाला सांगायचं नव्हतं त्याला. तुम्ही वाचनालयातून सातला यायच्या आत उरकायचं. म्हणायचा, कळलं तर परत वास घ्यायला लागेल."

"नसता घेतला," धाकटी म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "मेल्याला एवढं कळू नये!"

सिस्टर सरळ जमिनीवरच्या खोक्यावर बसली. "माझ्या जिवात जीव आला," ती म्हणाली. "वाळवी बघतो म्हणून फळी माझ्या माळ्यावरून घेऊन गेला होता, आणि मी पुढे विचारलंसुद्धा नाही. दादा, ऐकलंस?"

दादांनी ऐकलं होतं. सगळ्यांचे चेहरे सुटले होते, त्यांचाच आवळला होता.

"मग तो भिंत धरून का उभा होता?" त्यांनी विचारलं. "औषधाच्या दुकानाबाहेर. मी पाहिला त्याला. पाहिला आणि पलीकडून निघून गेलो. वाटलं, प्यायलाय." त्यांनी धाकटीकडे बघायचं धाडस केलं. "तो आजारी होता, आणि मी त्याला तसाच सोडून गेलो."

दुकानात गटाची एकोणीस माणसं होती, आणि त्यातल्या एकालाही हे ऐकून नवल वाटलं नाही. अशी कबुली ते दर बुधवारी ऐकत होते.

"एकटे नव्हते ते," धाकटी म्हणाली. "मी आत औषधं घेत होते. डॉक्टरांकडूनच आलो होतो. चक्कर यायची, सोमवारी तपासणी ठरली होती. तो सोमवार आलाच नाही, तो भाग वेगळा." ती दादांच्या जवळ आली. "आणि त्यांनी पाहिलं तुम्हाला. मी बाहेर आले तर म्हणाले, दादा गेला आत्ता समोरून. मी म्हटलं, मग हाक का नाही मारलीत? तर म्हणाले, अजून झालं नाही. झालं की मारतो. मला वाटलं, चक्कर येतेय म्हणून काहीतरी बरळतायत."

ती फळीकडे वळली. मघापासून ती तिथेच उभी होती, घोंगडी पायाशी.

"हे झालं नव्हतं, दादा."

दादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सिस्टरने उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वॉर्डात ठेवायची तसा, हलका आणि बराच वेळ.

वर जायचा विचार मग कोणी केलाच नाही. ड्रायव्हर आणि दातांच्या डॉक्टरांनी फळी उचलून सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली, खुर्च्या हातोहात खाली आल्या, आणि सभा टेबलाभोवतीच बसली. शिक्षकांनी बिल्ला काढला.

"एक शंका आहे," दादा म्हणाले. त्यांचा आवाज अजून ओला होता, पण चाळीस वर्षांची सवय जात नाही. "अकराला एकोणीस दिवस कमी पडतात."

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"नाही, बरोबर आहे त्यांचं," शिक्षक म्हणाले. "ते एकोणीस आम्ही वाटून घेतले. एकेकाने एकेक दिवस. त्या सकाळी उठून त्याच्या जागी मागायचं, 'आजचा दिवस दे', आणि तो दिवस त्याच्या नावाने कोरडा काढायचा. आज शेवटचा. माझा. अजून आठ तास आहेत, पण मला भरवसा आहे."

धाकटीने बिल्ला हातात घेतला. पितळेचा, रुपयाएवढा. तिने तो फळीवर, फिक्या डागाच्या शेजारी ठेवला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग चहा आला. तेवीस माणसं गरम कप हातात धरून, या हातातून त्या हातात करत, ताटकळत बसली. टेबल समोर होतं आणि त्यावर कप ठेवायला कोणी धजेना.

"लाखेवर गरम ठेवलं तर पांढरा डाग पडतो ना?" सिस्टरने भाचीला विचारलं.

"पडू शकतो."

"मग हात भाजून घ्या सगळे," धाकटी म्हणाली. "अहो, त्यांनी हे जेवायला केलंय. बघायला नाही. ठेवा, दादा. तुमची जागा ती."

दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या जागेकडे. त्यांनी कप खाली ठेवला. त्या जागेवरच. एकापाठोपाठ एक सगळे कप टेबलावर आले. ड्रायव्हरने खिशातून शेंगदाणे काढून मधोमध ओतले, आणि कोणीतरी धाकट्याच्या त्या चार मैलांची गोष्ट परत सांगायला लावली.

गोष्ट संपली तेव्हा दादांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि रिकाम्या कपाखाली वाकून पाहिलं. बोटाने पुसून पुन्हा पाहिलं.

काही उमटलं नव्हतं.